आत्याच्या नजरेतला ड्रोन

परदेशात समुद्रकाठी मी मेहुण्याचा ड्रोन उडवला आणि वाऱ्याने तो पार लांब नेला. शिपायाने मला थेट बंदराच्या कचेरीत उभं केलं.

साहेबाने रिमोट काढून घेतला. "उडवणाऱ्याला किंवा त्याच्या सोबत्याला ड्रोन नुसत्या डोळ्यांनी दिसलाच पाहिजे, हा इथला नियम. तुमचा दिसत नाही. जप्त!"

आता सासरी तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. तेवढ्यात माझ्यासोबत आलेली, खिडकीशी उभी असलेली माझी आत्या खेकसली, "दिसत नाही कसा? तो काय, त्या बोटीवर घिरट्या घालतोय!"

साहेबाला समुद्र कोरा दिसत होता. आत्याने बोट दाखवलं तिकडे त्याने दुर्बीण लावली आणि त्याचा आ वासला तो वासलाच. बोटही होती, ड्रोनही होता.

"खलाशी दाढी करतोय," आत्या म्हणाली. "कापलंय मेल्याने हनुवटीला."

साहेबाने टोपी काढली, रिमोट माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "मावशी, त्याच्याही पलीकडे माझा धाकटा भाऊ आहे, मालाच्या जहाजावर. बरा आहे ना तो?"

आत्याने डोळे बारीक केले. अख्खी कचेरी तिच्यामागे खिडकीशी गोळा झाली.

"बरा आहे रे. वाळलाय थोडा, पण हसतोय."