हौदात आज काय?

देल्फिनाच्या परसात दोन हौद होते, आणि भांडणाचं मूळ त्यातला जुना. नवा हौद स्वयंपाकघराच्या दाराशी होता. धुण्याचा दगड त्यालाच, आणि घरात लागणारं सगळं पाणी त्यातूनच. आमच्या गावात नळाला पाणी आठवड्यातून दोनदा, तेही त्याला लहर आली तर. अशा ठिकाणी दुसरा हौद भरून ठेवता येणं म्हणजे केवढी चैन! आणि तिच्या नवऱ्यानं, एलिसेओनं, त्यात बेडूक पाळले होते.

पाळले म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "मी कुणाला पाळलेलं नाही बाई, ते आपणहून राहतात," तो म्हणायचा.

जन्मभर त्यानं कारखान्याचा उसाचा ट्रक चालवला. पाठीनं दगा दिला तेव्हा घरी बसला, आणि घरी बसलेला पुरुष म्हणजे बाईच्या डोक्याला केवढा ताप, ते काय मी सांगायला हवं? ओढ्यातला गाळ आणून त्यानं जुन्या हौदात अंथरला, पाणी भरलं, बोटभर लांबीच्या मासोळ्या सोडल्या आणि पालथ्या खोक्यावर बसून राहिला. देल्फिनाला वाटलं, मासे वाढवून विकणार असेल. कसलं काय! पाणी आधी हिरवं झालं, मग कुजलं. सगळ्या मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. शेजारची तोमासा नाक धरून विचारायला आली, की घरात काही मेलंय का.

एलिसेओनं मेलेल्या मासोळ्या काढून पुरल्या आणि नव्या आणल्या. जलपर्णीचं एक रोप टाकलं, चार गोगलगायी टाकल्या. मग पुन्हा खोक्यावर. रेडिओवर आपल्या होंडुरासची फुटबॉलची मॅच लागली तरी हा उठायचा नाही.

वर्षभरात पाणी आपोआप निवळलं. मासोळ्यांना पिल्लं झाली. बेडूक कुठून आले देव जाणे, पण आले आणि संध्याकाळ झाली की ओरडून घर डोक्यावर घ्यायला लागले. चतुर यायचे, पाण्याला शेपटी लावून जायचे. एक खेकडाही आला आणि एकेक मासोळी गट्ट करायला लागला.

"अरे म्हाताऱ्या, काढ की तो मेला खेकडा!" देल्फिना ओरडायची.

"का? त्याला पोट नाही?"

पुढं बगळ्यानं खेकडा नेला, तेव्हा एलिसेओ दिवसभर गप्प होता. बगळ्यालाही पोट असतं, हे त्याला त्या दिवशी तितकंसं पटलं नसावं.

आरोग्य खात्याच्या बायका डासांच्या अळ्या शोधत दारोदार हिंडायच्या. त्यांना या हिरव्या हौदात एकही अळी मिळाली नाही. मासोळ्या ठेवतील तर ना! अळ्या सापडल्या देल्फिनाच्या घासूनपुसून लख्ख ठेवलेल्या हौदात. त्या दुपारी एलिसेओ ताटावर बसून एकटाच हसत होता, म्हणून तिनं त्याला दुसरी भाकरी वाढली नाही.

रोज जेवताना तो सुरू करायचा, "हौदात आज काय झालं माहितेय?"

"काय होणार? बेडकाचं लग्न?"

तरी तो सांगत राहायचा. कोण कुणाच्या मागं लागलं, कोण दिसेनासं झालं, कुठल्या पानाखाली कुणी अंडी घातली. ती मक्याच्या भाकऱ्या थापत हं हं करायची आणि मनात दुसरंच काही चाललेलं असायचं. तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांत एकदा तरी नीट ऐकायचं होतं. खरंय. पण नवऱ्याचं बोलणं कुठं पळून जातंय, असंच वाटत असतं ना आपल्याला?

मग त्याचे पाय सुजले, तोंड सुजलं. मूत्रपिंडं गेली होती. उसात राबलेल्या किती जणांची जातात इथं, त्यात नवल काही नाही. शहरातल्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. दोन दिवस तो तिला ओळखेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाहेर आली, देल्फिनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, घरी तयारी करून ठेवा."

तयारी म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरालाही कळतं. माणूस गेला की रात्रभर जागरण, मग नऊ दिवस प्रार्थना, आणि येईल त्याला कॉफी आणि केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल. सगळा गाव येतो. कॉफी कमी पडली तर मेलेल्याची अब्रू जाते आणि घरच्या बाईची तर चार पिढ्या. तोमासाचा नवरा गेला तेव्हा मध्येच पाणी संपलं होतं, ते लोक अजून उकरून काढतात.

तोमासा म्हणजे देल्फिनाच्या लेकीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. लेक स्पेनला, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली. त्यामुळं जे काय करायचं ते या दोघींनीच. तोमासा परसात उभी राहिली, दोन्ही हौदांकडं बघितलं आणि म्हणाली, "उद्या नळाला पाणी येईल. त्यानंतर पुन्हा चार दिवस नाही. एका हौदात तुझं भागायचं नाही, बाई."

हात घालून देल्फिनानं जुन्या हौदाचं बूच ओढलं.

पाणी जायला बराच वेळ लागला. तळाच्या गाळात मासोळ्या तडफडायला लागल्या. तिनं फावड्यानं गाळ बाहेर टाकला, आणि कोंबड्या धावत आल्या. जलपर्णी तिनं कुंपणापलीकडं फेकली. बेडूक टुणटुण उड्या मारत झुडपात गेले, एकानं तर मागं वळून बघितलं असं तिला वाटलं. मग ब्लीच आणि साबणाची पूड कालवून तिनं चारी भिंती घासल्या. घासताना ती रडत होती, पण हौदासाठी नाही, नवऱ्यासाठी. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरंही वाटत होतं, की सुटला एकदाचा हा हौद. ते बरं वाटणंच पुढं तिला खात राहिलं. दुसऱ्या दिवशी नळ आला, हौद काठोकाठ भरला. तळ स्वच्छ दिसत होता.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी एलिसेओ घरी आला. जिवंत!

उपचार करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, पण तो शुद्धीवर आला होता आणि घरी जायचं म्हणून हटून बसला होता. शेजाऱ्यांनी त्याला गाडीतून उतरवून पुढच्या खोलीत निजवलं. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडं, हौद तिथून दिसायचा नाही. देल्फिनानं त्याच्या तोंडाला पाणी लावलं. त्यानं ओठ चाटले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हौदात आज काय?"

देल्फिना काय सांगणार? हौद धुतला असं सांगायचं, तर का धुतला तेही सांगावं लागणार. तू गेलास असं धरून चालले होते, तुझ्या कॉफीचं पाणी भरून ठेवलं, असं जित्या माणसाच्या तोंडावर सांगायचं?

"सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "पिल्लं झालीत."

"कुणाला?"

"मासोळ्यांना. अजून कुणाला होणार?"

तो हसला.

तेव्हापासून रोज तेच. सकाळी ती परसात जाऊन कोऱ्या पाण्याकडं बघत उभी राहायची आणि आत येऊन बातम्या सांगायची. चतुर आला होता. गोगलगाय भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढलीय. जलपर्णीला जांभळं फूल आलंय. एकेक बातमी जुळवताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा, कारण हौदात काय काय होतं ते तिला धड आठवायचं नाही.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "बेडूक ओरडत नाहीत गं."

"उकाडा बघ केवढा आहे. त्यांनाही नकोसं झालं असेल."

तो मग म्हणाला, "आणि ती पांढरी मासोळी? एका डोळ्याची?"

"आहे की. आज सकाळीच दिसली. चांगली गुबगुबीत झालीय."

एलिसेओनं तोंड भिंतीकडं केलं आणि झोपल्यासारखा पडून राहिला.

काहीतरी चुकलं होतं. रात्रीची भांडी घासताना ती आठवायला लागली. पांढरी, एका डोळ्याची. अशी मासोळी होती का हौदात? त्यानं कधी सांगितलं होतं का? जेवताना सांगितलं असेल, आपण हं हं केलं असेल. तिनं खूप डोकं खाजवलं. नवऱ्यानं आपल्याला पकडलं की नाही, हेसुद्धा तिला कळेना, कारण सात वर्षं तो बोलत होता आणि तिनं ऐकलंच नव्हतं. ती धुण्याच्या दगडाला टेकून हुंदके देऊन रडली. तो रिकामा हौद घासतानासुद्धा ती इतकी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आणि तो निळा खेकडा?"

निळा खेकडा नव्हता, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. खेकडा एकच होता, तोही बगळ्यानं नेलेला. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे सुजलेले डोळे तिच्यावरच होते, आणि त्यात राग नव्हता. उत्तराची वाट बघणाऱ्या पोरासारखा तो बघत होता.

"आहे," ती हळूच म्हणाली. "काल पांढरीशी भांडला."

"कोण जिंकलं?"

"बायको ती. तीच जिंकणार."

एलिसेओ हसला, इतका की त्याला ठसका लागला. तिनं त्याची पाठ चोळली आणि तीही हसली. पुढं मग काही धरबंद राहिला नाही. गोगलगायीनं दुसरं घर बांधलं. बेडकांचा एकदाचा लग्नसोहळा झाला, तोमासाला आमंत्रण नव्हतं म्हणून ती रुसली. एके दिवशी त्यानं विचारलं, "मगर आली का?" आणि देल्फिनानं सांगितलं, "आली, मिशा आहेत तिला, अगदी तुझ्या कारखान्याच्या मुकादमासारख्या." चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं एवढं कधी बोलली नव्हती. दिवसेंदिवस त्याचा आवाज बारीक होत गेला. ती कान त्याच्या तोंडाशी नेऊन एकेक शब्द ऐकायची. आता तिचं मन दुसरीकडं कुठं जात नव्हतं.

एका दुपारी त्यानं तिचा हात धरला. तळहाताची कातडी ब्लीचनं सोलली होती, अजून भरली नव्हती. अंगठ्यानं ती चाचपत तो म्हणाला, "म्हातारे, दोन्ही हौद भरलेले असू देत. तोमासाच्या घरी झालं तसं नको व्हायला."

देल्फिनाला तोंड वर करता येईना. "मला वाटलं, तू..." ती म्हणाली.

"माहितेय. बरं केलंस. लोकांना कॉफी मिळायला हवी." आणि जरा दम खाऊन त्यानं विचारलं, "मगर जेवली का?"

"जेवली," ती रडत म्हणाली. "दोन भाकऱ्या खाल्ल्या."

"मला एकच देतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बातमी घेऊन आत आली, तेव्हा ऐकायला तो नव्हता. तिनं तरी ती सांगितली. मग तोमासाला हाक मारली.

दुपारपर्यंत घर भरलं. अंगणात बाकं मांडली, चुली पेटल्या, बायका केळीची पानं पुसायला बसल्या. नव्या हौदातलं पाणी बघता बघता तळाला गेलं. तोमासानं दोन बादल्या उचलल्या आणि जुन्या हौदाकडं निघाली. काठावर बादली टेकवते न टेकवते तोच देल्फिना मागून धावत आली आणि तिनं मनगट धरलं.

"हात घालू नकोस त्यात!"

"का गं? काय झालं?"

"मासे आहेत."

तोमासानं वाकून बघितलं. पाणी नितळ होतं. तळाच्या सिमेंटवरच्या घासल्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. बाकीच्या बायका जमल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी हळूच छातीवर क्रूस काढला.

"देल्फिना," तोमासा समजुतीनं म्हणाली, "तूच धुतलास ना गं तो? याच्यासाठीच ना? सगळा गाव आलाय. कॉफी कशाची करू?"

"त्यात पांढरी आहे, एका डोळ्याची. तिला पिल्लं आहेत. निळा खेकडा आहे." देल्फिनाचा आवाज चढला. "सगळं मला ठाऊक आहे त्यात काय काय आहे ते. मी ऐकलंय! एक थेंब उपसायचा नाही."

ती पालथ्या खोक्यावर जाऊन बसली आणि कुणी कितीही समजावलं तरी उठली नाही. तोमासानं रिकाम्या बादल्या तशाच परत नेल्या. शेजारपाजारहून मागून आणलेलं पाणी पुरलं नाही. एलिसेओच्या जागरणाला अर्ध्या लोकांना कॉफी मिळाली नाही, आणि आमच्या गावात लोक ते अजून उकरून काढतात.