अंबारीतली साळुंकी

ओमप्रकाशचा धंदा फुलांचा, पण जुन्या शहरात त्याला फुलांवरून कोणी ओळखत नाही. "तो भिंतीचे फोटो काढते ना, तो," असंच म्हणतात. मोर्णा नदीपलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं हारांचं दुकान आहे. सकाळी देवांचे हार गेले की दुकान बायकोच्या, तानुबाईच्या हवाली करायचं, गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि मोपेड दिसेल त्या रस्त्याला लावायची. नदीकाठचे बगळे, तारेवरचा नीलकंठ, शाळेच्या कुंपणावर पोरांनी रंगवलेले वाघ, त्याला काहीही चालायचं. माणसं मात्र नकोत. "मानसाचा फोटो काढा तं तो पयले भांग पाडून येते," असं तो म्हणायचा. तानुबाई त्यावर काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यातही त्याचा जीव लग्नाच्या भिंतींवर. वऱ्हाडातल्या काही गावांत अजूनही घरात लग्न निघालं की दारापुढची भिंत रंगवतात. चुन्यावर गेरू, नीळ, पिवडी. दोन्ही अंगाला हत्ती नाहीतर मोर, आणि मधोमध चिरंजीव अमुक, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक. ती भिंत घरात पुढचं लग्न निघेपर्यंत पुसत नाहीत. आता बॅनर तासाभरात छापून मिळतात, मग हत्तीचा कुटाणा करतो कोण? उरलेसुरले हत्ती ओमप्रकाश टिपत फिरायचा.

पण दुसऱ्याच्या दारापुढं कॅमेरा रोखणं सोपं नाही. कोणी विचारायचं, "बँकेचे हा का?" कोणी म्हणायचं, "रस्ता रुंद होऊन राह्यला काय?" एका गावात तर म्हातारीनं काठीच उगारली. तेव्हापासून त्यानं एक रीत धरली होती. फोटो काढू द्या, मोठा करून, फ्रेममध्ये बसवून आणून देतो. आणि बोलल्यासारखं तो देतही होता. लोक खूश व्हायचे, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. या रीतीनं कोणाचं वाकडं होईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दर्यापूर रस्त्यालगतच्या एका गावात महादेवरावांच्या घराची भिंत त्याला हिवाळ्यात सापडली. दोन हत्ती होते, आणि दोघांच्याही सोंडा अशा काही वर की जणू एकमेकांना हाका मारतायत. डाव्या हत्तीच्या अंबारीजागी पोपडा निघून खोल भोक पडलं होतं. त्या भोकात एक साळुंकी राहत होती. ओमप्रकाश समोरच्या लिंबाखाली बसून राहिला. दुपार कलल्यावर साळुंकीबाई बाहेर आल्या, भोकाच्या तोंडाशी अंग फुगवून बसल्या आणि इकडंतिकडं पाहू लागल्या. वरात त्यांचीच असावी असा थाट. त्यानं फोटो काढला आणि तेवढ्यावर त्याचा महिना चांगला गेला.

मधोमध नावं होती, चि. शुभम आणि चि. सौ. कां. पौर्णिमा, आणि खाली महादेवरावांचं. महादेवराव त्या दिवशी घाईत होते. "काढा काय काढायचं ते," म्हणून शेतात निघून गेले. शुभम यांचा पोरगा आणि पौर्णिमा सून, असं ओमप्रकाशनं आपलं आपणच ठरवून टाकलं. विचारायला पाहिजे होतं, पण ज्याला पाखरांची सवय, तो कोणाला काय विचारणार?

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो फ्रेम घेऊन निघाला. त्याला जे माहीत नव्हतं ते आपण आधीच जाणून घेतलेलं बरं. पौर्णिमा महादेवरावांची लेक. शुभमशी तिचं पटलं नाही, फारकत झाली, आणि गेली चार वर्षं ती माहेरीच होती. मधे दोन स्थळं आली, पोहे खाऊन गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत. आज तिसरं आलं होतं. शेंदूरजनाघाटचे संत्रावाले, किशोर नावाचा बिजवर आणि त्याची आई वच्छलाबाई. पहिल्या लग्नाचं मध्यस्थानं त्यांच्या कानावर घातलं होतं, पण बैठकीत कोणी तो विषय काढायचा नाही असं ठरलेलं. म्हणून तर पौर्णिमेच्या आईनं, कौशल्याबाईनं, रीत मोडून आदल्याच दिवशी भिंतीवर बदामी रंगाचे दोन हात मारून घेतले होते. भोकात सिमेंट भरलं. हेही स्थळ गेलं तर पोरीचं पुढं काही जमत नाही, या धास्तीनं त्या माउलीला घास गिळवत नव्हता.

ओमप्रकाशनं मोपेड थांबवली आणि समोर कोरी बदामी भिंत पाहिली. असे हत्ती, आणि त्यांच्यावर हा मिळमिळीत रंग! त्या तिरमिरीतच तो फ्रेम काखेत घेऊन ओसरीवर चढला. माणसं बसलेली दिसली तेव्हा त्याला बरंच वाटलं. दाखवायला चार डोळे जास्त.

"मी अकोल्याचा, फोटोवाला. तुमाले कबूल केलं होतं ना," तो महादेवरावांना म्हणाला.

महादेवराव उठले. "मंग कधी या तुमी. आता पाहुणे हायेत."

"पाहुण्यायलेबी पाहू द्या की," म्हणत ओमप्रकाशनं कागद फाडला. तेवढ्यात पौर्णिमा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. त्यानं फ्रेम तिच्यापुढं धरली. "हे पाहा सूनबाई, तुमच्या लग्नाची भिंत. रंग कावून मारला बाप्पा हिच्यावर? शुभमभाऊ घरी नाईत काय?"

किशोरनं मान खाली घातली. कौशल्याबाईनं कसंबसं तोंड उघडलं.

"आमची नोहे ती भिंत. घर चुकलं तुमचं."

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर समजला असता. पण भिंतीच्या बाबतीत चूक काढलेली ओमप्रकाशला खपत नसे. "घर कसं चुकन बाई? हा लिंब पाहा, त्याची सावली पाहा. अन् हे खाली महादेवरावायचं नाव." त्यानं बोट ठेवून दाखवलं. दाखवता दाखवता त्याची नजर कौशल्याबाईच्या चेहऱ्यावर गेली. मग पौर्णिमेच्या कोऱ्या गळ्यावर, मग पाहुण्यांच्या नव्या कपड्यांवर. आणि सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माणसांकडे नीट पाहिलं होतं, आणि ते असं.

"माहंच चुकलं असन," तो पुटपुटला आणि फ्रेम परत घ्यायला गेला. पण ती वच्छलाबाईनं आपल्याकडे ओढून घेतली होती.

म्हातारीनं चष्मा लावला. फ्रेम मांडीवर टेकवून तिनं नावं वाचली, ओठ हलत होते ते सगळ्यांना दिसलं. कौशल्याबाईनं पदराचं टोक दातात धरलं. मग वच्छलाबाईचं बोट वर सरकलं, थांबलं, आणि ती चक्क हसली.

"अंबारीत साळुंकी बसली. पाह्य ना किशोर, कशी ऐट हाय तिची." मग तिनं मान वर केली. "हत्ती कोनं काढले हे?"

"पेंटरनं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी काढले," पौर्णिमा म्हणाली.

कौशल्याबाईनं तिला डोळ्यांनी दटावलं, पण पौर्णिमेनं ट्रे खाली ठेवला होता.

"पेंटरनं नुसती नावं लिवली. हत्ती माह्ये हायेत. शिडीवर चढून काढले, लगन माहं असून. घरचे वरडत होते, नवरीनं हात रंगवा, भिंत काय रंगवतं म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "ते लगन मोडलं. तुमाले सांगतलंच असन, न सांगतलं तं आता सांगतो. वाईट वाटलं, मंग सवय झाली. पन काल माय हत्तीवर रंग मारून राह्यली होती नं, तवा मी मांगच्या खोलीत जाऊन रडली. नावं बुजवा, हत्ती ठेवा, म्हटलं होतं मी. कोनी आयकलं नाई."

महादेवराव जमिनीकडे पाहत होते. लेकीनं हे आपल्याला कधी सांगितलं होतं ते त्यांना आठवत होतं, आणि आपण काय उत्तर दिलं होतं तेही. ओमप्रकाश खांबाला टेकून उभा राहिला. निघून जावं असं त्याला फार वाटत होतं, पण फ्रेम अजून म्हातारीच्या मांडीवर होती.

वच्छलाबाईनं फ्रेम किशोरकडे दिली आणि चहाचा कप उचलला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "आमच्या घरापुढं लांबच लांब भिंत हाय. कोरी पडली हाय. तिच्यावर काढशीन का असे?"

कौशल्याबाईच्या जिवात जीव आला. "काढन ना, कावून नाई काढन," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "हो म्हण पौर्णिमे."

पौर्णिमेनं आईकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, आणि शेवटी किशोरकडे. तो अजून फोटोच पाहत होता.

"पयले घर पाहीन," ती म्हणाली. "घरातले मानसं पाहीन. मंग भिंतीचं सांगीन."

कौशल्याबाईनं डोळे मिटून घेतले. किशोरनं फ्रेम जपून बाजूला ठेवली. आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता.

"रविवारी या," तो म्हणाला. "मी घरीच हावो."