हॅलोवेसाहेबांचे पंखे

चर्चमधला एसी बंद पडला होता आणि अलाबामातला जुलै महिना बिनदिक्कत आत येऊन बसला होता. बाकाबाकावर पुठ्ठ्याचे पंखे ठेवलेले होते आणि प्रत्येक पंख्यावर ट्रेंट हॅलोवे वकिलांचा चेहरा बत्तिशी दाखवत हसत होता. सगळं चर्च वारा घेत होतं. वर्निस पेटवे तेवढी घामाने निथळत बसली होती. एका वकिलाने दुसऱ्याच्या तोंडाने वारा घ्यायचा, इतकी वाईट वेळ काही आपल्यावर आली नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"घे गं," शेजारून ओडेसा आत्या पुटपुटली. "पूर्वी हे जाहिरातीचे पंखे अंत्यसंस्कारवाल्याकडून यायचे. तो बरा होता. आपली वेळ आल्याशिवाय दात दाखवत नव्हता."

आत्या वर्निसच्या वडिलांची बहीण, आणि तिच्या ऑफिसात फोन उचलण्यापासून झाडू मारण्यापर्यंत सगळं करणारी. हायवेवर जाहिरातीला स्वतःचा मोठा फोटो लाव, असं तिने भाचीच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे तिचं ठरलेलं पालुपद. वर्निसला स्वतःचा फोटो लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा बघवत नसे, मग हायवेवर कुठून लावणार? हॅलोवे मात्र गावात शिरताना एकदा भेटायचा आणि गावातून निघताना पुन्हा.

आजचा प्रश्न विहिरींचा होता. कोंबड्यांच्या कारखान्याने ओढ्यात घाण सोडली होती आणि ओढ्याकाठच्या घरांच्या पाण्याला वास मारू लागला होता. सगळ्या कुटुंबांनी मिळून एकच वकील करायचं ठरवलं होतं. दोघांचं ऐकायचं आणि हात वर करून निवडायचं. ही केस मिळाली नाही, तर वर्निसचं ऑफिस बंद होणार होतं. मग बर्मिंगहॅमच्या विमा कंपनीत टेबल तयारच होतं. तिथे बसून लोकांचे दावे कसे फेटाळायचे, ते कागदावर लिहायचं.

हॅलोवे आधी बोलला, आणि झकास बोलला, हे वर्निसलाही कबूल करावं लागलं. त्याने पास्टरांच्या प्रवचनातलं वाक्य उचललं, म्हाताऱ्यांना हसवलं, जिंकलेल्या केसेस सांगितल्या. लोक 'आमेन' म्हणाले. वकिलाच्या भाषणाला आमेन म्हटलेलं वर्निसने पहिल्यांदाच ऐकलं.

मग तिची पाळी आली. ओढ्याचं पाणी तपासायला काय काय लागेल ते तिने सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दर शुक्रवारी मी प्रत्येक घरी फोन करीन. काही घडलं नसेल, तरी."

"काही घडलं नाही, हे सांगायला फोन?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळे हसले. हॅलोवेही हसला.

वर्निसने खुलासा केला नाही. तिच्या आईने आजीच्या जमिनीसाठी मोबील शहरातला एक वकील केला होता. त्याचा फोन येईल आणि आपण नेमक्या बाहेर असू, या धास्तीने आईने अंगणात जाणं सोडलं होतं. टोमॅटो वेलीवरच सडले. फोन काही आला नाही. ही गोष्ट चारचौघांत सांगून मतं मागायची तिला लाज वाटली.

तेवढ्यात क्लिओफस बॉयकिन उभा राहिला आणि वर्निसच्या तोंडचं पाणी पळालं. लाकूड कापायच्या गिरणीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्याची केस तिने लढवली होती आणि साफ हरली होती.

"माझी केस ही बाई हरली," क्लिओफस म्हणाला. पंखे थांबले.

"पण दर शुक्रवारी फोन यायचा. 'मिस्टर बॉयकिन, आज काही घडलं नाही.' एवढंच. त्या रात्री मला झोप लागायची. निकाल विरुद्ध गेला तेव्हा ही स्वतः घरी आली. माझ्या स्वयंपाकघरात बसून, कुठे आणि का हरलो ते तिने नीट सांगितलं. मी रडलो. तीही रडली. मग आम्ही गोड पीच कॉब्लर खाल्लं."

हॅलोवे अदबीने उठला. "तुमच्या भावना कळतात मला, सर. पण शेवटी ती केस हरली ना?"

"हरली. आणि माझ्या मेहुणीची केस तुम्ही जिंकलात. ती इथेच बसली आहे, तुमच्यापासून हाताच्या अंतरावर. तिचं नाव काय?"

हॅलोवेने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे बायका होत्या, आणि दोघीही त्याच्याकडे कुतूहलाने बघत होत्या. तो पुन्हा हसला, पण आता ते हसू पंख्यावरच्यासारखं दिसेना.

"अर्लीन," उजवीकडची बाई शांतपणे म्हणाली. "केस संपली हे मला पोस्टाने कळलं."

चर्चचा कारभार बघणारे डीकन टॉलिव्हर जरा खाकरले. मग चर्चच्या रिवाजाने म्हणाले, की सिस्टर पेटवे ज्यांना हव्यात त्यांनी हात वर करावेत.

पहिला हात अर्लीनचा गेला. मग क्लिओफसचा, तीन बोटांचा. मग बाकांमागून बाकं. उकाडा इतका होता की हातातला पंखा खाली ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. त्यामुळे हातांबरोबर पंखेही वर गेले. पुढच्या बाकावरच्या हॅलोवेने मागे वळून पाहिलं. अख्खं चर्च त्याच्याच चेहऱ्यांनी भरून गेलं होतं आणि ते सगळे चेहरे तोंड भरून हसत वर्निस पेटवेला मत देत होते.

"मोजायचं का?" डीकननी विचारलं.

"राहू द्या," हॅलोवे म्हणाला. माणूस धंद्याचा पक्का, पण खिलाडू होता. त्याने येऊन वर्निसशी हात मिळवला.

वर्निसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते घामात बेमालूम मिसळत होतं. तिला इतका आनंद झाला होता की काय करावं ते कळेना.

"उद्या शुक्रवार," ओडेसा आत्या म्हणाली. "एवढे फोन कोण करणार आहे?"

"आपण दोघी. आणि उद्या सांगायला काहीतरी आहे."

मग वर्निसने बाकावरचा पंखा उचलला, मागे टेकून ऐसपैस बसली, आणि हॅलोवेसाहेबांच्या हसऱ्या तोंडाने मनसोक्त वारा घेऊ लागली.