भिंगरीचं भांडण

शाळेतून फोन आला तेव्हा मी मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होते. वहिनीने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझा पाय आपोआप थांबला.

"भिंगरीने मारामारी केलीय. या म्हणतायत. झालं समाधान, ताई?"

घ्या! खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, हे मला ठाऊकच होतं.

भिंगरी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानात मशीन घातलं तरी फार तर दार आपटलेलं कळतं. कोपऱ्यावरच्या नेहमीच्या शाळेत दोन वर्षं काढली तिने, मागच्या बाकावर. बाई म्हणायच्या, "अगदी गुणी मुलगी. काही म्हणजे काही त्रास नाही." वहिनीला ते ऐकून बरं वाटायचं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, सात वर्षांच्या पोरीचा काहीच त्रास नाही? घरात जी एका जागी ठरत नाही, ती तिथे दिवसभर हाताची घडी घालून बसते, आणि म्हणे गुणी!

शेवटी मीच दोघींना समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. याच शाळेत मदतीला खास शिक्षिका मागायच्या, पण त्या आठवड्यातून दोनदाच येणार. नाहीतर कर्णबधिर मुलांची शाळा, तिथे सगळं खुणांच्या भाषेत. "महिनाभर पाठवून बघा. तोवर जुन्या शाळेतली जागा राखून ठेवायला सांगते," त्या म्हणाल्या.

वहिनी तयार नव्हती. "हातांची सवय लागली की तोंडातून शब्द निघायचा नाही. उद्या दुकानात, बसमध्ये कोण हिच्याशी हात हलवत बसणार आहे?"

तिचं अगदीच चुकत होतं असं नाही. रोज आरशासमोर बसवून, हनुवटी धरून, ती भिंगरीकडून 'आई' म्हणवून घ्यायची. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. दोन वर्षांत एकदाच ते नीट आलं, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. पण माझ्या जिभेला कुठे हाड आहे! भांडभांडून मी तो महिना पदरात पाडून घेतला. तो आता संपतच आला होता.

"सोमवारपासून जुनी शाळा," बसमध्ये वहिनी म्हणाली. "आता तुम्ही मध्ये बोलायचं नाही." मी खिडकीतून बाहेर बघत बसले. बोलणार काय, कपाळ?

वर्गाच्या दारातच शिक्षिकेने आम्हाला थांबवलं. "लागलं कुणालाच नाही. पण मारामारी झाली की घरी कळवायचा नियम आहे. जरा थांबा, त्यांचं संपू दे."

"माफ करा हो, बाई," वहिनीने सुरुवात केली. "ही अशी नाही. हिचा कधीच कुणाला त्रास..."

बोलता बोलता तिची नजर वर्गात गेली.

फळा अर्धाच पुसलेला. त्याच्यासमोर दोन शेपट्या घातलेली एक मुलगी, केसभर खडूची पूड. तिच्यापुढे आमची भिंगरी, डस्टर काखेत दाबून. दोघींचे हात नुसते सुटले होते! भुवया वर, गाल फुगलेले, मध्येच पाय आपटणं. शेपट्यांवाली हातांनी बोलली की भिंगरी डोळे वटारून बघायची, आणि तिचं संपतंय न संपतंय तोच हिचे हात सुरू.

मला हसूही येईना आणि रडूही. घरी या पोरीशी भांडायला कुणाला येतच नव्हतं. ये, जेव, झोप, नको, एवढ्यावर आमचा संसार. ती रडली की हवी ती वस्तू हातात द्यायची आणि मोकळं व्हायचं. भांडणार कुणाशी ती?

"काय म्हणतेय?" वहिनीने शिक्षिकेला हळूच विचारलं.

"म्हणतेय, आज फळा पुसायची पाळी माझी. काल तुझी होती, पण तू आजारी होतीस म्हणून मी तुझ्यासाठी पुसला, तो माझ्या पाळीत धरायचा नाही."

"एवढं?" वहिनीने शिक्षिकेकडे वळून पाहिलं. "एवढं सगळं म्हणतेय ती?"

तेवढ्यात शेपट्यांवालीचं आमच्याकडे लक्ष गेलं. तिने वहिनीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. भिंगरीने वळून पाहिलं, तोंडभर हसली आणि हातांनी पटकन काहीतरी सांगून टाकलं.

"आणि हे?"

शिक्षिका घुटमळली.

"सांगा की हो बाई!" मी म्हटलं. राहवतंय कुठे मला.

"ती विचारत होती, ही कोण. भिंगरी म्हणाली, माझी आई. छान आहे. फक्त तिला बोलता येत नाही."

वहिनीने दाराची चौकट धरली. शिक्षिका घाईघाईने म्हणाली, "लहान आहे हो, मनाला लावून घेऊ नका. शनिवारी पालकांचा वर्ग असतो, इथेच..."

"शनिवारचं शनिवारी," वहिनी म्हणाली. "'काय झालं' हे कसं विचारायचं, तेवढं आत्ता दाखवा." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, जुन्या शाळेला फोन करा. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं."

ती भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि शिक्षिकेचं बघून हात हलवला.

भिंगरीने तो हात नीट निरखला. मग डस्टर बाजूला ठेवला, आईचा वाकडा अंगठा धरून सरळ केला आणि मान हलवली. पुन्हा कर.

वहिनीने पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. भिंगरीने पुन्हा अंगठा धरला.

तेवढ्यात शेपट्यांवालीने डस्टर उचलून फळा पुसून टाकला.