खिशातली हिरवी फुली

घरात मला सगळे फौजदार म्हणतात. नवऱ्याने चेष्टेत पाडलेलं नाव, पण मला ते बढती मिळाल्यासारखं वाटलं. वापरलेले कपडे ॲपवरून ऑनलाइन विकायचे तर फौजदारकीच करावी लागते. काही महाभाग आमचा धड शर्ट ठेवून घेतात, घरातला विटका परत पाठवतात आणि वर 'माल खराब निघाला' म्हणून कांगावा करतात. मला कुणी फसवलं की माझं डोकंच फिरतं.

म्हणून मी एक खूण काढली होती. प्रत्येक कपड्याच्या खिशात नाहीतर शिवणीच्या आत हिरव्या दोऱ्याची बारीक फुली घालायची आणि तिचा फोटो काढून ठेवायचा. परत आलेल्या कपड्यात फुली नसली, तर तो आमचा नव्हेच.

कपडे निवडणं, धुणं, डागडुजी आणि फोटो माझ्याकडे. इस्त्री आणि पार्सल धाकट्या जावेकडे. फुली मी कपडा तिच्या हाती देण्याआधी, दार लोटून घालायचे. तिला सांगितलं नव्हतं. खूण जितक्या कमी जणांना ठाऊक तितकी पक्की, असं मी स्वतःला बजावत असे. खरं कारण वेगळंच होतं. सुरुवातीला एक जांभळा टॉप गठ्ठ्यातून नाहीसा झाला आणि महिनाभराने तसाच टॉप तिच्या बहिणीच्या अंगात दिसला. तसे टॉप कुठेही मिळतात, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुन्हा तिच्या माहेरी तसं काही दिसलं, तर आत फुली आहे का ते बघता आलं असतं.

वर्षभरात चार कपडे परत आले. चारांतल्या एकातही फुली नव्हती. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, या फुलीतच काहीतरी घोळ आहे. मला वाटलं, लोक किती बेरकी झालेत. चौघांशीही कडाकडा भांडले आणि चारही वेळा ॲपने माझा फोटो ग्राह्य धरला. त्यात एका शिक्षिकेचं खातं बंद झालं. 'तुम्ही मला चोर का म्हणता?' एवढाच तिचा शेवटचा मेसेज होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणून मी तो वाचून सोडून दिला.

पाचवा कपडा म्हणजे निळा कोट. घेणाऱ्या बाई वाचनालयात काम करत होत्या. बाहीच्या आतलं अस्तर उसवलंय, म्हणून त्यांनी तो परत केला. भाषा इतकी नम्र, की मला आणखीच संशय आला. पार्सल उघडायच्या आधीच मी कोट बदलल्याची तक्रार ठोकून दिली. या वेळी मात्र ॲपवाले सावध झाले. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठेही न तोडता संध्याकाळी पाचच्या आत पाठवा, जो खोटा ठरेल त्याचं खातं कायमचं बंद होईल, असं त्यांनी कळवलं. म्हणजे त्या बाई तरी जाणार, नाहीतर माझं दुकान. लग्नाला वीस वर्षं झाली, आणि फक्त माझ्या नावावर असलेली ही पहिली गोष्ट. ती मी सहजासहजी घालवणार नव्हते.

फोन धरायला कुणीतरी हवं होतं. धाकटीला हाक मारली. ती इस्त्री बंद करून आली. मी पार्सल कापलं, कोट टेबलावर पसरला आणि डाव्या खिशाचं अस्तर बाहेर ओढून कॅमेऱ्यासमोर धरलं. तिथे काहीच नव्हतं. माझ्या अंगात बळ आलं.

"इथे आमची खूण असते," मी ठणकावून सांगितलं. "हिरव्या दोऱ्याची फुली. ती या कोटात नाही."

फोनमागून धाकटीचा आवाज आला. "ताई, ते हिरवे दोरे होय? ते तर मी कापते."

मी तशीच खिसा धरून उभी.

"सगळ्याच कपड्यांत असतात," ती सांगू लागली. कपडे उलटे करून इस्त्री करताना तिला ते दिसत. दुरुस्ती करताना माझ्याकडून राहून जात असतील, माझी नजर कमी झाली असेल, असं तिला वाटायचं. मला कमीपणा वाटू नये म्हणून ती गुपचूप कापून टाकायची आणि कुणाला बोलायची नाही.

माझ्या डोळ्यांपुढे ती शिक्षिका आली. मग बाकीचे तिघे आले, आणि कोटवाल्या बाई.

"पण खूण होती, तर मला का नाही सांगितलंत?" धाकटीने विचारलं. मग अगदी हळू विचारलं, "माझ्यावरही लक्ष होतं?"

मी मान खाली घातली. तिने फोन टेबलावर ठेवला आणि आत गेली. इस्त्री पुन्हा सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.

पाचला दहा मिनिटं होती. दुसरा व्हिडिओ काढता आला असता. धाकटी काही चुगली करणारी नव्हती, आणि खिसा तर रिकामा होताच. मी कोट घडी करून पार्सलला पुन्हा चिकटपट्टी लावायलाही घेतली. मग ती बाजूला ठेवून फोन उचलला.

पहिलाच व्हिडिओ एकदा पाहिला. त्यात धाकटी कुठेच दिसत नाही, नुसता तिचा आवाज आहे. दिसते ती मी. ती विचारते, माझ्यावरही लक्ष होतं? आणि मी नाही म्हणत नाही.

तोच पाठवला, एक सेकंदही न कापता.