तिसरा प्रोसेसर

कृष्णवेणीबाईंचा कॉम्प्युटर आठ महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा त्यांना आधी राग आला आणि मागोमाग, खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं. आता वरुणरावाचा फोन येणार होता.

मुलगा जर्मनीत. सगळं ठीक असलं की त्याचा रविवारचा फोन चार मिनिटांत आटपायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सरी, बरं, ठेवतो. पण कॉम्प्युटर आडवा झाला की तोच मुलगा तास तासभर बोलायचा. रॅम काढ, दुसऱ्या खाचेत घाल, पंखा फिरतोय का बघ. तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या बाई पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायच्या, आणि एरवी तमिळ-इंग्रजीवर भागवणारा पोरगा पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलल्या जाणाऱ्या जुन्या वळणाच्या मराठीत उत्तरं द्यायचा. प्रोसेसर मेल्याचं निदान दोघांनी मिळून दोनदा केलं, कंपनीने दोनदा वॉरंटीत नवा पाठवला. लोकांची लेकरं सणाला येतात, बाईंचं लेकरू बिघाडाला यायचं, तेही फोनवर.

या खेपेला कंपनीला संशय आला. तिने पार्सलऐवजी तिरुचीहून रघुपती नावाचा तंत्रज्ञच धाडला. गावच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत घर शोधायला त्याला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात त्याने रोग पकडला.

"अम्मा, दोष प्रोसेसरचा नाही," तो तमिळमध्ये म्हणाला. "मदरबोर्डच त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतोय. किती नवे घातले तरी जळणार."

"मग आता?"

"नवा बसवतो आणि बोर्डाची सेटिंग बदलतो. पुन्हा त्रास होणार नाही."

राहू द्या की, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मभर पोरांना कारण शोधा, कारण शोधा म्हणून बजावलं, आणि आज कारण सापडलं तर तेच नकोसं झालं. शेवटी त्यांनी कागदावर सही केली आणि त्याला कॉफी दिली.

रविवारी त्यांनी वरुणरावाला सगळं सांगितलं.

"अप्पाडी, सुटलों," तो म्हणाला. तीन मिनिटांत फोन संपला.

पुढच्या रविवारी फोन आलाच नाही. मेला कॉम्प्युटर एकदाही अडला नाही.

सोमवारी संध्याकाळी बाईंनी स्वतःच नंबर लावला. असं त्या कधी करत नसत. तो कामात असेल, उगाच कशाला, असं म्हणायच्या, पण खरं कारण मानीपणा होता.

"काय बिघडलें, आई?" त्याने घाईघाईने विचारलं.

"काही बिघडलें नाही," बाई म्हणाल्या. "मला फार एकटें वाटतें रे. म्हणून फोन केलें."

पलीकडे मागे कुणाचं तरी जर्मनमध्ये बोलणं ऐकू येत होतं, ते थांबलं. दार लावल्याचा आणि मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.