एका मिनिटात अंदाजपत्रक

इच्छापोरच्या आमच्या फॅब्रिकेशन कारखान्यात त्या सकाळी वेल्डिंग बंद ठेवून सगळे ऑफिसात दाटले होते. कॉम्प्युटरला हार घातला होता. गजेंद्र नावाच्या विक्रेत्यानं टाकीचं ड्रॉइंग आत टाकलं आणि मिनिटभरात पडद्यावर खर्चाचा अंदाज उमटला.

"भारी शे भो!" वेल्डर भाईदासनं चक्क हात जोडले.

"हे नुसतं सॉफ्टवेअर नाही, शेठ. याला अंतर्ज्ञान आहे," गजेंद्र म्हणाला. "फक्त शंका घेऊ नका. शंका घेतली की निकाल बिघडतो."

मालक हेमराजशेठ भारावले. गिऱ्हाइकांच्या चौकशा दुप्पट झाल्या होत्या आणि अंदाज काढणारे आम्ही दोघंच, मी आणि उज्ज्वलाताई. डबा खायलाही सवड नसायची. शेठ तिथंच म्हणाले, "आता अंदाज हेच काढेल. तुम्ही दोघं दुसरीकडे बघा."

 ताई उसळल्या. "हा आकडा आला कसा?"

"ताई, देवाला कुणी असं विचारतं का?" गजेंद्र म्हणाला. सगळे हसले. आमचा अंदाज चुकून काम कमी पैशांत घेतलं गेलं, की ते उरकताना याच लोकांची हाडं मोडायची, आणि तेच हसत होते!

ताईंनी तिथंच बसून दोन ड्रॉइंग तयार केली. एक लोखंडाचा भरीव ठोकळा. दुसरं तेवढ्याच वजनाच्या हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राचं. आत शेकडो नळ्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग.

"टाका दोन्ही."

"यंत्र आता थकलंय," गजेंद्र पुटपुटला.

"टाक," शेठ म्हणाले.

दोन्हींचा आकडा एकच आला. रुपयाचाही फरक नाही.

"बघा! हे ड्रॉइंग वाचतच नाही," ताई म्हणाल्या. "कोपऱ्यात लिहिलेलं वजन उचलतं आणि ठरलेल्या दरानं गुणतं. संपलं अंतर्ज्ञान."

"तुमची श्रद्धा कमी पडली," गजेंद्र वायर गुंडाळत म्हणाला.

शेठ अजून हळहळतच होते. "पण ताई, किती झटपट येत होतं!"

"झटपट चुकायला यंत्र कशाला? यंत्र मलाही हवंय, शेठ. नळ्या मोजू दे, दर भरू दे. पण प्रत्येक आकडा कुठून आला, ते दाखवणारं आणा."

शेठनी गजेंद्रला परत पाठवलं, आमची नोकरी वाचली. चौकशांचा ढीग मात्र तसाच राहिला, आणि आठवड्याभरात कुणीतरी पुन्हा म्हणालंच, "पण यंत्रात काहीतरी शक्ती होती."

नव्हती. गुणाकार होता. उत्तर देव्हाऱ्यातून येवो की कॉम्प्युटरमधून, 'कसं?' विचारल्यावर जे चिडतं, त्यावर आपलं पोट सोपवू नका.